मंडीपासून चालत जाता येईल अशी जागा द्या

प्रति,
इंदूरमधल्या मराठी न्यासांचे विश्वस्त, मंडळांचे पदाधिकारी आणि जुन्या वाड्यांचे, रिकाम्या प्लॉटांचे मालक यांस
प्रत: आयुक्त, इंदूर महानगरपालिका

सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आपल्यापैकी कुणी ना कुणी विचारतं, आमची जागा पडून आहे, बेघरांसाठी तिचं काही करता येईल का. विचारणारा मनापासून विचारतो. तरी बहुतेक वेळा पुढे काही होत नाही आणि त्याची कारणं दोनच असतात. देऊ केलेली जमीन चुकीच्या ठिकाणी असते, नाहीतर ‘एकदा माणसं बसली की उठायची नाहीत’ या धास्तीने घरातलं किंवा समितीतलं कुणीतरी पाय मागे घेतं. या दोन्ही गोष्टींवर उपाय आहे. तो नीट मांडावा म्हणून हे पत्र.

आधी ठिकाणाचं बोलू. सिमरोळच्या पलीकडे दोन एकर किंवा बायपासबाहेरचं शेत दान म्हणून मोठं दिसतं, पण निवाऱ्याला ते चालत नाही. रात्री फुटपाथवर झोपणारा माणूस बहुतेक करून कामकरी असतो. चोइथराम मंडीत माल उतरवणारा हम्माल, सियागंजमध्ये हातगाडी ओढणारा, लग्नाच्या हंगामात केटररची भांडी घासणारी बाई, एम. वाय. हॉस्पिटलमध्ये भरती असलेल्या रुग्णाचा नातेवाईक. मंडीत काम पहाटे सुरू होतं आणि त्या वेळी बस नसते. राहायची जागा कामापासून लांब गेली की तो चार दिवस येतो आणि पाचव्या दिवशी पुन्हा दुकानाच्या ओट्यावर झोपतो. मग ‘यांना चांगली सोय नकोच असते’ असं आपण म्हणायला लागतो. जानेवारी २०२१ मध्ये याच शहरातून वृद्ध बेघरांना महापालिकेच्या गाडीत घालून क्षिप्रा गावाजवळ सोडण्यात आलं. गावकऱ्यांनी हरकत घेतल्यावर त्यांना परत गाडीत बसवावं लागलं आणि एका उपायुक्तांचं निलंबन झालं. बेघरांना शहराबाहेर न्यायचं ही कल्पना, हेतू चांगला असला तरी, त्याच वाटेने जाते. म्हणून शहराबाहेरची दोन एकर राहू द्या. सरवटे बसस्टँड, एम. वाय., छावणी, जुनी इंदूर, गंगवाल बसस्टँड, चोइथराम मंडी यांपैकी कशापासूनही वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येईल असा तीन हजार चौरस फुटांचा तुकडा द्या. मुलं पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली आणि कुलूप लागलेल्या अंगणात गाजर गवत कमरेएवढं वाढलं, असे कितीतरी तुकडे याच पट्ट्यात आहेत.

तीन हजार फूट कमी वाटतील, म्हणून हिशेब मांडतो. शहरी बेघरांच्या निवाऱ्यासाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी निदान पन्नास चौरस फूट जागा धरली आहे. चोवीस माणसांना झोपायला बाराशे फूट. संडास-न्हाणीला दीडशे, स्वयंपाकाला सव्वाशे, देखरेख करणाऱ्याची खोली आणि सामानाची कपाटं यांना शंभर. हातगाड्या, सायकली आणि संध्याकाळी बसायला पडवी मिळून तीनशे. असे पावणेएकोणीसशे होतात, बाकीची जागा मोकळी राहते आणि ती राहायलाच हवी. चोवीस हा आकडा जाणूनबुजून घेतला आहे. तेवढ्या माणसांची नावं देखरेख करणाऱ्याला तोंडपाठ राहतात, भांडण लागलं तर ते तिथल्या तिथे मिटतं आणि शेजारच्यांनाही जत्रा भरल्यासारखं वाटत नाही. पुरुष आणि बायका एकाच छोट्या प्लॉटवर ठेवू नका. बायकांचा प्लॉट वेगळा, आणि तो दवाखान्याच्या जवळचा असेल तर उत्तम. कुटुंबांसाठी जुना वाडा सोयीचा, कारण त्यात खोल्या आयत्या असतात.

आता बांधकाम. इथे माळव्याची काळी माती तुमची परीक्षा घेते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरची फरशी, विटांची भिंत सगळं तडकतं. म्हणून पहिल्या दिवशी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे खणून मुरूम किती खोल आहे ते बघा. कुठे दोन फुटांवर लागतो, कुठे आठ फुटांवरही लागत नाही. खांबांचे पाये मुरमापर्यंत न्या. फरशीखालची निदान दोन फूट काळी माती काढून तिथे मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून, धुम्मस करून. एकदम ओतलेला मुरूम पहिल्याच पावसात बसतो आणि फरशी मधोमध खचते. जोतं रस्त्यापासून दीड फूट वर असू द्या.

याच मातीमुळे शोषखड्ड्याचे संडास इथे फसतात. दोन खड्ड्यांचा संडास कोकणात किंवा वाळूच्या जमिनीत छान चालतो. काळ्या मातीत पाणी मुरतच नाही, श्रावणात खड्डा तुडुंब भरतो आणि घाण उलटी पायरीवर येते. संध्याकाळी फूटभर खोल खड्डा पाण्याने भरा. सकाळी पाणी तसंच दिसलं तर शोषखड्ड्याचा विचार सोडून द्या. मुख्य ड्रेनेज लाइनला जोडणी मिळत असेल तरच प्लॉट घ्या, हा आमचा आग्रह आहे. जोडणीचा पाइप चार इंची, उतार चाळीस फुटांना एक फूट आणि प्रत्येक वळणावर झाकण उघडता येईल असं चेंबर. तुंबण्याचं सगळ्यात मोठं कारण गुटख्याच्या पुड्या आणि सॅनिटरी पॅड. संडासाच्या आत, हाताशी, झाकणाचा डबा ठेवला की यातलं बरंच थांबतं. डबा बाहेर ठेवला तर काही उपयोग होत नाही.

चोवीस जणांना चार संडास आणि तीन न्हाणी ठेवा. आपत्तीतल्या छावण्यांसाठी जगभर वीस माणसांमागे एक संडास धरतात, त्या मापाने दोन पुरेत. पण इथली सगळी माणसं पहाटेच्या एकाच तासात उठतात आणि मग रांगेत भांडणं लागतात. चारपैकी एक संडास कमोडचा, तीन फुटी दाराचा, दोन्ही बाजूंना धरायला नळी असलेला हवा आणि तिथपर्यंतचा उतार बारा फुटांना एक फूट. रात्रभर दिवा आणि आतून लागणारी भक्कम कडी, बायकांच्या निवाऱ्यात या दोन गोष्टींवर तडजोड नाही.

पाणी. नर्मदेचं पाणी शहराच्या बऱ्याच भागांत एक दिवस आड येतं, तेव्हा टाकीचा हिशेब त्यावरून करायचा. आंघोळ, कपडे, संडास धरून माणशी साठ लिटर. चोवीस जणांचे दिवसाचे १४४० लिटर, दोन दिवसांचे २८८० आणि एक पाळी चुकली तर चार दिवसांचे ५७६०. म्हणजे सहा हजार लिटरचा साठा हवा: चार हजार जमिनीवर, दोन हजार वर. वरची टाकी भरली की पाण्याचंच वजन दोन टन होतं. ती पत्र्याच्या छपराच्या सांगाड्यावर चढवू नका, तिला स्वतंत्र स्टँड करा. हजार लिटरची एक टाकी बसवून उद्घाटन उरकलेले निवारे दोन महिन्यांत ओस पडतात, कारण ज्याला सकाळी आंघोळीला पाणी मिळत नाही त्याला त्या दिवशी कामही मिळत नाही. पिण्याच्या पाण्याची लाइन आणि ड्रेनेज एका चरात टाकू नका आणि बोअरिंगचं पाणी तपासल्याशिवाय पिण्याला देऊ नका.

छप्पर. वैशाखात पारा बेचाळीसच्या वर जातो. नुसत्या पत्र्याखाली तेव्हा दुपारीच काय, रात्री दहालाही झोपता येत नाही. पन्नास मिलिमीटरचे पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले, परवडले तर तेच घ्या. नाहीतर वर पत्रा, त्यावर दर चैत्रात चुन्याचा पांढरा हात, खाली सिमेंट बोर्डाचं छत, मध्ये नऊ इंच हवा आणि दोन्ही टोकांना जाळी. थर्माकोल आणि ताडपत्रीचं अस्तर अजिबात नको. आग लागली की ते वितळून अंगावर पडतं. दारं दोन, समोरासमोर, बाहेर उघडणारी. सहा किलोची दोन अग्निशामक नळकांडी, एक स्वयंपाकाजवळ, एक झोपायच्या जागेच्या दाराशी. वीजजोडणीला तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, लावल्याशिवाय कुणालाही आत झोपू देऊ नका. आणि थंडीत बंद खोलीत शेगडी नेऊ देऊ नका. कोळशाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि माणसं झोपेतच जातात. त्याऐवजी माणशी दोन चांगली पांघरुणं आणि खिडकीला जाड पडदे द्या.

खाटांकडे जवळून बघा, कारण लोक निवारा सोडून जातात त्यामागे ढेकूण हे मोठं कारण आहे. लोखंडी खाट चौकोनी पाइपची असते आणि स्वस्तातल्या खाटेत पाइपची टोकं उघडी असतात. ढेकूण तिथेच घर करतात, औषध आतपर्यंत पोचत नाही. टोकांना पत्रा वेल्ड करून ती बंद करून घ्या. गादी काथ्याची, वर रेक्झिनचं शिवलेलं कव्हर, म्हणजे ओल्या फडक्याने पुसता येते. दोन खाटांत तीन फूट अंतर ठेवा आणि एकाचं डोकं असेल तिकडे शेजारच्याचे पाय. दोन आठवड्यांवर खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी तपासून घ्यायची. शहरात मनोरमा राजे टीबी हॉस्पिटल आहे आणि उपचार मोफत आहे. खाटेखाली कुलूप लागणारी पत्र्याची पेटी हवीच. फुटपाथवर राहणाऱ्याची सगळी कागदपत्रं, दोन कपडे आणि आठवड्याची कमाई एका पिशवीत असते आणि ती उशाला घेऊन तो अर्धा जागा राहतो. पेटीची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवली की त्याला पहिल्यांदा सलग झोप लागते.

आता दुसरी भीती. ती खोटी नाही. इंदूरच्या किती वाड्यांत मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ खाली पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू बसलेत, ते तुम्ही जाणता. म्हणून भाडेपट्टा करूच नका. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे लायसन्स द्या, म्हणजे वापरायची परवानगी. ताबा तुमचाच राहतो. मात्र वर नुसतं ‘लायसन्स’ लिहून भागत नाही. कागदाच्या नावापेक्षा त्यातला आशय बघायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ पासून सांगितलं आहे. तेव्हा आशय तसा ठेवा. परवानगी राहणाऱ्या माणसांना नाही, चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला. फाटकाची एक किल्ली तुमच्याकडे. कधीही आत येऊन पाहण्याचा हक्क तुमचा. भाडं घ्यायचं नाही. घरपट्टी तुमच्या नावावर, वीज आणि पाण्याचं बिल संस्थेच्या नावावर.

याच कायद्याचं कलम ६० वकिलाकडून नीट समजून घ्या. परवानगीच्या भरवशावर संस्थेने स्वतःच्या खर्चाने पक्कं बांधकाम केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. भल्या मनाच्या मालकांची पंचाईत नेमकी इथे होते. उपाय साधा आहे: जमिनीत कायम राहणारं जे काही असेल, म्हणजे संडास, टाकीचा चौथरा, ड्रेनेज, ते मालकाने आपल्या नावाने आणि आपल्या खर्चाने करायचं, संस्थेचं सगळं काही नटबोल्टवर, तीस दिवसांत उचलता येईल असं. दोन्ही याद्या कराराला जोडा.

कलम ५९ उलट बाजूने बघा. जमीन विकली तर नवा मालक या परवानगीने बांधलेला नसतो. म्हणजे चोवीस माणसं एका रजिस्ट्रीने रस्त्यावर येऊ शकतात. तेव्हा मुदतीत विक्री करायची झाल्यास नव्वद दिवस आधी लेखी कळवण्याची अट तुम्ही स्वतःहून घाला. त्या नव्वद दिवसांत नवी भरती बंद, आणि प्रत्येक माणूस पुढे कुठे जाणार याची यादी संस्था आणि महापालिका मिळून करतील. मार्गशीर्ष ते माघ आणि आषाढ ते भाद्रपद या काळात जागा रिकामी करायची नाही. करारात मात्र इंग्रजी तारखा लिहा.

बारा वर्षांनी जमीन जाईल असंही कुणीतरी सांगतं. मुदत कायद्यातली बारा वर्षं मालकाचा हक्क उघडपणे नाकारून बसलेल्यासाठी आहेत. परवानगीने राहणाऱ्याचा ताबा नुसती वर्षं गेली म्हणून प्रतिकूल, म्हणजे मालकाचा हक्क घालवणारा, होत नाही. परवानगी कागदावर असणं हेच इथे तुमचं संरक्षण आहे. तोंडी ‘राहा रे बाबांनो’ म्हणणाऱ्याला खरा धोका. मुदत अकरा महिन्यांची ठेवू नका, तेवढ्यासाठी कुणी संडासाला पैसे घालणार नाही. तीन वर्षं ठेवा आणि उपपंजीयकाकडे, म्हणजे दुय्यम निबंधकाकडे, करार नोंदवून टाका.

न्यासांसाठी एक वेगळी गोष्ट. मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५१ च्या कलम १४ प्रमाणे बिगरशेती जमिनीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा पट्टा रजिस्ट्रारच्या पूर्वपरवानगीशिवाय वैध नाही. लायसन्स म्हणजे पट्टा नव्हे. तरीही मुदत तीन वर्षांच्या आत ठेवा आणि ठरावाची प्रत रजिस्ट्रारला आधीच द्या, म्हणजे पुढे एखाद्या नाराज सभासदाच्या हाती मुद्दा लागत नाही. न्यासपत्रात ‘ज्ञातीच्या उपयोगासाठी’ असं बंधन असेल तर आधी सल्ला घ्या. असं बंधन असलेली जागा आम्ही मागत नाही.

वाड्यांचं दुखणं वेगळं. खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, अजून आजोबांचं नाव, वारस सात, त्यातले तीन परदेशात. नामांतरण करून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. एका वारसाच्या सहीवर निवारा उभा करू नका. परदेशातून येणारं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित झालेलं हवं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागला पाहिजे. हे तीन महिने हमखास विसरले जातात. एक पैशाची गोष्टही स्पष्ट असू द्या: प्राप्तिकरातली देणगीची सूट पैशाला मिळते, जागा वापरायला दिली म्हणून मिळत नाही.

राहणाऱ्यांना त्या पत्त्यावर आधार आणि मतदार ओळखपत्र मिळू द्या. बेघराच्या मतदार नोंदणीसाठी पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात लिहिलेल्या ठिकाणी तो खरोखर झोपतो का, हे मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी (बीएलओ) रात्री येऊन बघतो. मतदार यादीतल्या नावाने जमिनीवर कुणाचा हक्क तयार होत नाही. पण त्या पत्त्यावर त्या माणसाचं रेशन, पेन्शन, बँकेचं खातं उभं राहतं. ओळखपत्र नाही म्हणून कुणाला दारातून परत पाठवू नका. ओळखपत्र मिळवायचं तर त्याला आधी पत्ताच हवा असतो.

चालवण्याबद्दल थोडक्यात. तीन पाळ्यांना तीन माणसं आणि सुट्यांसाठी चौथा, सगळे पगारी. रात्रीच्या पाळीला पगारी माणूस नसेल तर निवारा सुरू करू नका. आत दारू प्यायची नाही. पण पिऊन आलेल्याला झोपू द्यायचं, दाराजवळच्या खाटेवर. पौषातल्या रात्री त्याला बाहेर ठेवणं म्हणजे मरायला सोडणं. बाहेर काढायचं ते फक्त मारामारी करणाऱ्याला. मानसिक आजारी आणि निराधार भटकणाऱ्याच्या बाबतीत पोलिसांवर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जबाबदारी टाकली आहे: त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेलं पाहिजे. ठाण्यात ते कलम १०० दाखवा, वाद घालावा लागत नाही. भजनाची सक्ती, जातीधर्माची विचारणा, पांघरूण देतानाचे फोटो हे काही नको.

शेजारी करार होण्याआधीच बोलवा. नकाशा दाखवा, फाटक कुठल्या रस्त्यावर उघडेल ते सांगा, रात्री फोन कुणाला करायचा तो नंबर बोर्डावर लिहा. महिन्याच्या बैठकीत एक शेजारी, दोन राहणारे, मालकाचा माणूस, संस्था आणि झोन कार्यालयाचा अधिकारी, असे सगळे त्याच पडवीत बसू द्या.

आयुक्त महोदय, खासगी जागा मिळाली म्हणून महापालिका मोकळी होत नाही. लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक निवारा, हे माप सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावण्यांतून आलं आहे. २०११ च्या जनगणनेत इंदूरची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांवर होती, म्हणजे तेव्हाच्याच मोजणीने एकोणीस-वीस निवारे. १ जानेवारी २०२५ पासून जिल्ह्यात भीक देण्यावर आणि घेण्यावर बंदी आली. रस्त्यावरून माणूस उठवायचा तर त्याला जायला जवळ जागा हवी. आमची मागणी तीन गोष्टींची आहे: तात्पुरत्या बांधकामाची परवानगी झोन कार्यालयात तीस दिवसांत, ड्रेनेज आणि नर्मदेची जोडणी विनाशुल्क, आणि चार कर्मचाऱ्यांचा पगार दर महिन्याला, थकबाकी न ठेवता. पगार थकला की पहिल्यांदा रात्रपाळीचा माणूस जातो आणि त्याच्या मागोमाग निवारा.

विश्वस्त मंडळी, आपली घराणी होळकरांबरोबर या शहरात आली. अहिल्याबाईंनी काशी-गयेपर्यंत धर्मशाळा बांधल्या, त्या वाटसरू थांबतो त्या ठिकाणी. जमीन स्वस्त मिळाली तिथे नव्हे. आपल्या सभांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, म्हणून तारखाही सुचवतो. गणेशोत्सवाआधीच्या बैठकीत विषय घ्या. सोबत खसरा आणि बी-१ या जमिनीच्या उताऱ्यांची नक्कल, सगळ्या वारसांची किंवा विश्वस्तांची नावं, ड्रेनेज लाइन प्लॉटपासून किती फुटांवर आहे ते आणि दोन कोपऱ्यांतल्या खड्ड्यांचं माप, एवढं ठेवा. दसऱ्यापर्यंत करार झाला तर पाऊस उघडल्यावर पाये घेता येतात आणि मार्गशीर्षाच्या आत खाटा लागतात. दिवाळीनंतर सुरुवात केली तर या हिवाळ्यात काही होणार नाही. मग घाई न करता मार्चमध्ये काम काढा आणि पावसाच्या आधी छप्पर घाला.

आपले,
बेघरांच्या निवाऱ्याचं काम करणारे काही इंदूरकर